विषाणू, जनुके आणि आपली दृष्टी

डोळे येणे ही गोष्ट आपल्यापैकी कोणालाच नवी नाही. डोळा लाल होतो, चिकटतो, खुपतो; घरातल्या एकाला झाले की चार दिवसांत सर्वांची पाळी येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा सारे विसरूनही जातात. हा विकार डोळ्याच्या ओसरीवरचा. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते डोळ्याच्या माजघरातील विकारासंबंधी. तेथेही विषाणू जाऊन पोहोचतात. पण ते तेथे पोहोचले, तर डोळा पुष्कळदा फारसा लाल होत नाही, फारसा दुखतही नाही. मनुष्य एवढेच सांगतो की, समोर धुके आल्यासारखे वाटते, किंवा काळे ठिपके तरंगताना दिसतात. हे धुके मात्र विसरण्याजोगे नसते. वेळेवर आणि योग्य उपाय झाला नाही, तर ते कायमचे मुक्काम करते.

'वेळेवर' आणि 'योग्य' ह्या दोन शब्दांत आजच्या विषयाचे मर्म आहे. योग्य उपाय करावयाचा तर शत्रूचे नाव कळले पाहिजे, आणि वेळेवर करावयाचा तर ते दोनचार दिवसांत कळले पाहिजे. हे नाव जनुकांच्या अक्षरांवरून कसे वाचता येऊ लागले आणि त्याबरोबर आणखी काय काय कळू लागले, तेच आम्ही येथे सांगणार आहोत.

दृष्टिपटल म्हणजे काय?

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची प्रथा आहे. ती सोयीची आहे. पण एका बाबतीत फसवी आहे. कॅमेऱ्यातील फिल्म खराब झाली तर नवी घालता येते. डोळ्याच्या मागच्या बाजूस आतून अस्तरासारखे जे पटल असते, ज्याला आपण दृष्टिपटल म्हणतो आणि डॉक्टर रेटिना म्हणतात, ते असे बदलता येत नाही. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण तेवढ्यात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी दाटीने बसलेल्या असतात. गर्भावस्थेत हे पटल मेंदूपासूनच फुटून निघते. म्हणून ते राहते डोळ्यात, पण जातीने मेंदूचे आहे. मेंदूप्रमाणेच येथेही मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

असल्या मौल्यवान जागेवर शरीराने पहाराही कडक ठेवला आहे. येथील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की, रक्तातील वाटेल तो पदार्थ आत उतरू शकत नाही. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती येथे जरा बेताने वागते. चोर धरण्यासाठी शिपायांनी घरच पेटवून दिले तर काय उपयोग? दाह जास्त झाला तर त्या दाहानेच दृष्टी जाईल. परंतु ह्या सौम्यपणाची दुसरी बाजू अशी की, एखादा विषाणू पहारा चुकवून एकदा आत शिरला, तर त्याला लपून बसण्यास ही जागा सोयीची होते.

१८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्याने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. तेव्हापासून शस्त्र न लावता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्यक्ष पाहता येतील अशी ही जागा वैद्यांना खुली झाली. मात्र दिसणे वेगळे आणि ओळखणे वेगळे.

दिसते, पण ओळखू येत नाही

१९७१ साली जपानमधील उरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भयंकर विकाराचे वर्णन केले. चांगल्या धडधाकट माणसाच्या दृष्टिपटलावर कडेने पांढरे चट्टे उमटतात, ते भराभर पसरत एकमेकांत मिसळतात आणि जेथे जेथे पसरतात तेथील पटल मरून जाते. उरलेले पटल विरलेल्या कापडासारखे भोके पडून सुटते. उपचार झाले नाहीत तर सुमारे एकतृतीयांश रोग्यांत दुसरा डोळाही पुढे त्याच वाटेने जातो. हे सारे डॉक्टरांना स्पष्ट दिसत होते. पण ते कोण करते, ते कळत नव्हते.

१९८२ साली अमेरिकेत अशा एका रोग्याचा निकामी झाल्यामुळे काढून टाकलेला डोळा तपासण्यात आला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या दृष्टिपटलात नागिणीच्या कुळातील विषाणूंचे कण आढळले. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू रोग बरा झाल्यावर मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो आणि कित्येक वर्षांनी कमरेवर किंवा कपाळावर नागीण होऊन उठतो, हे आपण ऐकून असाल. तोच विषाणू किंवा त्याचा एखादा भाऊबंद क्वचित कातडीची वाट सोडून दृष्टिपटलाची वाट धरतो. परंतु डोळा काढल्यावर कळलेल्या नावाचा त्या रोग्याला काय उपयोग?

अडचण आणखी अशी की, पांढरे चट्टे अनेकांमुळे उठतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तसेच चट्टे उठवितो. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी तो तर विषाणूही नव्हे. पण त्याचे चट्टेही कधी कधी फसवितात. उपदंशाचे जंतूही असेच सोंग घेतात. औषधे मात्र प्रत्येकाची वेगळी. आणि मधे एक मोठा धोका आहे. दाह कमी करण्यास स्टिरॉइड हे फार गुणकारी औषध होय. पण आत विषाणू वाढत असताना त्याच्यावर औषध न देता नुसते स्टिरॉइड दिले, तर प्रतिकारशक्तीचे हात बांधून चोराला घर मोकळे करून दिल्यासारखे होते.

मग नाव शोधावे कसे? रक्त तपासून भागत नाही. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडे बहुतेक प्रौढ माणसांच्या रक्तात असतातच. त्यावरून आज डोळ्यात काय चालले आहे ते समजत नाही. विषाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहावा, तर त्याला दिवसच्या दिवस लागतात आणि पुष्कळदा तो वाढतही नाही. दृष्टिपटलाचा तुकडा काढावा, तर ज्या वस्तूला जपावयाचे तिच्यावरच घाव घातल्यासारखे होते. डॉक्टरांच्या हाती सहज येण्याजोगे होते ते एवढेच : डोळ्याच्या पुढच्या भागातील पाणी बारीक सुईने काढता येते, आणि तेही दोनतीन थेंब.

दोन थेंबांतील अक्षरे

ह्या दोन थेंबांना बोलके केले ते जनुकशास्त्राने. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा आराखडा डीएनए नावाच्या लांबलचक रेणूत लिहिलेला असतो. ही लिपी फार साधी, अवघ्या चार अक्षरांची. मनुष्याचा ग्रंथ तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. विषाणूंच्या पोथ्या त्या मानाने चिमुकल्या : कांजिण्यांच्या विषाणूची सुमारे सव्वा लाख अक्षरांची, सायटोमेगॅलोची सुमारे दोन लाख पस्तीस हजारांची. काही विषाणू डीएनएऐवजी आरएनए ह्या त्याच्या सख्ख्या भावाचा उपयोग करतात. जर्मन गोवराच्या विषाणूची पोथी अशी आरएनएची असून ती दहा हजार अक्षरांचीही भरत नाही. लिपी एक असली तरी प्रत्येक पोथीत अशा काही ओळी असतात की, त्या दुसऱ्या कोणाच्याही पोथीत सापडावयाच्या नाहीत. त्या ओळी सापडल्या की नाव सापडले.

पण दोन थेंबांतील पोथ्या इतक्या थोड्या की त्या दिसाव्या कशा? त्यावर १९८३ साली अमेरिकेतील कॅरी मलिस ह्यांनी तोड काढली. पीसीआर ह्या नावाने ती आज घरोघर माहीत झाली आहे. २०२० सालच्या साथीत आपल्यापैकी अनेकांच्या नाकातील स्राव ह्याच पद्धतीने तपासला गेला. हवी ती ओळ निवडावयाची आणि तिच्या प्रती दुप्पट, दुप्पट करीत जावयाचे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी मागणी करणाऱ्याची गोष्ट आपण ऐकली आहे, गणित तेच. तीस वेळा दुप्पट केले की एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. एवढ्या प्रती झाल्या की त्या ओळखणे अवघड नाही.

१९९० नंतर ही पद्धत नेत्रवैद्यकात रुळली. मोठ्या रुग्णालयांतून आता एकदोन दिवसांत नाव कळू शकते. वर सांगितलेल्या भयंकर विकारात डॉक्टर त्या उत्तराची वाट पाहत हात जोडून बसत नाहीत. नागिणीच्या कुळावर चालणारे औषध ते ताबडतोब सुरू करतात. पण उत्तर सायटोमेगॅलोचे आले तर औषध बदलावे लागते, कारण कांजिण्यांच्या विषाणूवर चालणारे अ‍ॅसायक्लोव्हिर ह्याच्यावर पुरेसे चालत नाही. म्हणजे दोन थेंबांतील चार ओळींवर एका माणसाची दृष्टी अवलंबून असते.

औषध चालेनासे का होते?

एड्सची साथ आली तेव्हा ह्या ज्ञानाची खरी कसोटी लागली. सायटोमेगॅलो विषाणू पुष्कळ माणसांच्या शरीरात निमूटपणे राहतो. पण प्रतिकारशक्ती ढासळली की तो उठतो, आणि दृष्टिपटल हे त्याचे आवडते भक्ष्य. १९९६ पूर्वी एड्सच्या सुमारे तीन दशांश रोग्यांना हा विकार होई. १९८९ साली अमेरिकेत त्यासाठी गॅन्सायक्लोव्हिर ह्या औषधाला मान्यता मिळाली. चट्टे थांबले, परंतु काही महिन्यांनी काही रोग्यांत ते पुन्हा पसरू लागले.

ह्याचे कारण जनुकांत सापडले. हे औषध शरीरात जाते तेव्हा निद्रिस्त असते. विषाणूग्रस्त पेशीत विषाणूचेच एक प्रथिन त्याला जागे करते, आणि जागे झालेले औषध विषाणूवर उलटते. म्हणजे चोरानेच दिवा लावावा आणि त्या उजेडात पकडला जावा, अशी ही युक्ती. ते प्रथिन घडविणाऱ्या यूएल ९७ ह्या जनुकातील एखादे अक्षर बदलले की दिवा लागत नाही आणि औषध झोपलेलेच राहते. डोळ्यातील किंवा रक्तातील विषाणूचे हे जनुक वाचले, म्हणजे औषधाची मात्रा वाढवीत वेळ दवडावयाचा की दुसरे औषध घ्यावयाचे, ते ठरविता येते. १९९८ साली तर ह्याच विषाणूच्या एका संदेशाला नेमका चिकटून तो बंद पाडील असा २१ अक्षरांचा एक तुकडा औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाला. ह्या जातीचे ते पहिलेच औषध. पुढे एचआयव्हीवरील संयुक्त उपचारांनी रोग्यांची प्रतिकारशक्तीच सावरू लागली, त्याची गरज उरली नाही आणि ते बाजारातून गेले. पण अक्षरे वाचून औषध रचता येते, हे त्याने दाखवून दिले.

नाव कळले; गाव आणि वय?

पीसीआरची एक मर्यादा आहे. कोणाला शोधावयाचे ते आधी ठरवावे लागते. ज्याचा संशय नाही, तो सापडत नाही. म्हणून अलीकडे एक वेगळी पद्धत पुढे आली आहे. थेंबात असतील तेवढी सर्व अक्षरे वाचावयाची, त्यांतून रोग्याची स्वतःची संगणकाने वगळावयाची आणि उरलेली कोणाची ते पाहावयाचे.

सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१६ साली ह्या पद्धतीने तपासलेल्या एका रोग्याची हकीगत मोठी बोधप्रद आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत सोळा वर्षे दाह होता. हा दाह दृष्टिपटलाच्या शेजारच्या, म्हणजे डोळ्याच्या मधल्या पदराचा. कारण सापडत नव्हते. त्याच्या डोळ्यातील द्रवात ह्या संशोधकांना जर्मन गोवराच्या, म्हणजे रुबेलाच्या विषाणूची अक्षरे मिळाली.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. विषाणू आपल्या पोथीची नक्कल करताना चुका करतो, आणि त्या चुका पुढच्या नकलांत उतरतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण केली, तेव्हा पंडितांनी जागोजागच्या हस्तलिखितांतील समान पाठ पाहून कोणती पोथी कोणत्या परंपरेतील ते ठरविले होते. येथेही रीत तीच. ह्या विषाणूचा पाठ १९९२ साली जर्मनीत मिळालेल्या विषाणूशी सर्वांत जवळचा निघाला. हा रोगी त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मनीत राहत असता त्याला ताप येऊन अंगावर पुरळ उठले होते! शिवाय मूळ पाठापासून पडलेल्या फरकांची संख्या आणि ठेवण अशी होती की, विषाणू इतकी वर्षे डोळ्यात नुसता पडून नव्हता, वाढत होता. नाव, गाव आणि वय, तिन्ही दोन थेंबांतून निघाले.

रुबेला आणि डोळा ह्यांचे नाते जुने आहे. १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर येऊन गेला होता. अशा मुलांच्या दृष्टिपटलावर मीठमिरी भुरभुरल्यासारखे ठिपकेही आढळतात. ग्रेगपाशी जनुके वाचण्याचे साधन नव्हते. मातांना लक्षपूर्वक प्रश्न विचारून त्यांनी हा शोध लावला. ह्या आजारावर लस आहे. आपल्या राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तिचा हेतू पुढच्या पिढीचे डोळे, कान आणि हृदय वाचविणे हाही होता.

आपल्या अंगणातील उदाहरण

चिकुनगुन्याचा ताप आपल्याला चांगला परिचयाचा आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ झाली. त्यानंतर सुमारे तीस वर्षे तो जवळजवळ नाहीसा झाला होता. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशात तेरा लाखांहून अधिक लोक त्याने आजारी पडल्याची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणूंचे पाठ ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की, बार्शीचा विषाणू आशियाई वंशाचा होता आणि २००६ चा आफ्रिकी वंशाचा. पुणे जिल्ह्यातील यवत येथून २००० साली मिळालेला नमुनाही ह्याच आफ्रिकी वंशाचा होता.

ह्या साथीत दक्षिण भारतातील नेत्रवैद्यांना एक नवी गोष्ट दिसली. ताप उतरून काही आठवडे झाल्यावर काही रोग्यांची दृष्टी मंदावे, आणि तपासल्यावर दृष्टिपटलाला सूज व पांढरे चट्टे आढळत. मग नव्या वंशानेच हे केले, असे म्हणावे काय? येथे घाई उपयोगाची नाही. रोगी लाखांनी असले म्हणजे दुर्मिळ उपद्रवही दिसू लागतो. शिवाय तपासणीची साधने १९७३ पेक्षा कितीतरी सुधारली होती. दोन गोष्टी बरोबर आल्या म्हणून एकीने दुसरी घडविली असे होत नाही. जनुकांची अक्षरे कितीही अचूक वाचली तरी हा विवेक वाचणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

घराची बाजू

आतापर्यंत आम्ही चोराची पोथी वाचली. पण घरालाही त्याची पोथी आहे. विषाणू शिरला की दृष्टिपटलाच्या पेशी आपल्या काही जनुकांना जागे करतात, काहींना झोपवितात, आणि हा फरक आता एकेका पेशीत मोजता येतो. २०१५ साली अमेरिकन संशोधकांनी उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी अशा वाचून त्यांचे ३९ गट पाडले. असा नकाशा हाती असला म्हणजे कोणत्या जातीच्या पेशीत विषाणू वाढतो, कोणती नुसती हाक देते आणि कोणती दाहात फुकट मरते, हे विचारता येते.

मात्र नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. २०१५-१६ साली ब्राझीलमध्ये झिका विषाणूच्या साथीत जन्मलेल्या काही अर्भकांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी झीज आढळली. अ‍ॅक्सल नावाचे एक प्रथिन अनेक पेशींच्या पृष्ठभागावर असते. तोच ह्या विषाणूचा दरवाजा असावा, असा तर्क जनुकांच्या नोंदींवरून पुढे आला. तेव्हा सेंट लुई येथील शास्त्रज्ञांनी ते जनुकच काढून टाकलेल्या उंदरांना झिकाचा संसर्ग करून पाहिला. उंदरांच्या डोळ्यात विषाणू पूर्वीइतकाच वाढला! निदान उंदरांत तरी तो दरवाजा अपरिहार्य नव्हता. तर्क सुचविण्याचे काम आकडे करतात; निकाल देण्याचे काम प्रयोगाचे.

रोग्याच्या खाटेपाशीही हीच सावधगिरी हवी. थेंबात विषाणूची अक्षरे सापडली म्हणजे तोच अपराधी असे नेहमीच नसते. झोपलेल्या किंवा मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात, आणि प्रयोगशाळेतील जराशा हलगर्जीपणाने बाहेरचेही मिसळतात. उलट अक्षरे सापडली नाहीत म्हणून विषाणू निर्दोष ठरत नाही; चिकुनगुन्याप्रमाणे दुखणे उशिरा आले तर तो निघूनही गेलेला असतो. म्हणून डोळ्यात डोकावून पाहणारा वैद्य आणि रोग्याची हकीगत ऐकून घेणारा कान, ह्यांची गरज संपलेली नाही.

शेवटी आपणा नागरिकांच्या वाट्याचे काम राहते, आणि ते सोपे आहे. ताप, कांजिण्या किंवा नागीण ह्यांच्या मागोमाग नजर धुरकट झाली, काळे ठिपके वाढले किंवा दृष्टीच्या कडेला पडदा आल्यासारखे वाटले, तर चार दिवस वाट पाहू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या बाटलीतले स्टिरॉइडचे थेंब आपल्या डोळ्यात घालू नयेत. मुलामुलींना रुबेलाची लस वेळेवर द्यावी. जिला ती मिळालेली नाही, तिने गर्भारपणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण गरोदरपणी ही लस देत नाहीत. शास्त्रज्ञांनी दोन थेंबांतून नावगाव काढण्याची विद्या साधली आहे. परंतु ते दोन थेंब त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे हे शेवटी आपल्याच हाती आहे.